जुन्या लाकडी होडीचं मूळचं पॉलिश जुळवायचंय? आधी बाकाखाली बघा

नाशकात बसून लाकडी होडी दुरुस्त करतोय असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "पण समुद्र कुठाय?" समुद्र नाही, गंगापूर धरणाचं पाणी आहे. आणि भावाच्या मळ्यातल्या शेडमध्ये वीसेक वर्षं पालथी पडलेली एक १२ फुटी सागवानी होडी होती. वडिलांच्या मित्रानं ती मुंबईहून टेम्पोत घालून कसारा घाट चढवून आणली, चार-दोन हिवाळे वल्हवली आणि मग ती द्राक्षाच्या क्रेटमागे गेली ती गेलीच. दोन फळ्या कुजल्या होत्या, वरच्या काठाचा हातभर तुकडा गेला होता. बाकी सांगाडा ठणठणीत.

सुतारकामाला मिस्त्री मिळाला आणि ते मार्गी लागलं. घाम फोडला तो रंगानं. जुन्या मधाळ फळ्यांच्या मधोमध नवी फळी अशी दिसायची, जशी धुवट धोतराला नवं ठिगळ. ती जुळवण्यात माझे दोन हिवाळे गेले, त्यातला पहिला पूर्ण वाया. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय. होडी नसेल, जुन्या वाड्याचा दरवाजा किंवा आजोबांचं कपाट असेल, तरी पहिल्या सात पायऱ्या बऱ्याचशा त्याच. आठवी आणि नववी मात्र होडीवाल्यांसाठी.

लागणारं सामान

सगळं एकदम आणू नका, पण यादी हाताशी असू द्या:

- पॉलिश पेपर: ८०, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबर
- स्क्रेपर, किंवा मिस्त्री वापरतात तसे फुटक्या काचेचे सरळ धारेचे तुकडे
- स्पिरिट, एनसी थिनर (लॅकर नावाचं फर्निचरचं पॉलिश पातळ करायचं), टर्पेंटाइन (तिन्ही वेगवेगळ्या कामाला, एकाऐवजी दुसरं चालत नाही)
- ऑक्झॅलिक ॲसिडची पूड, खायचा सोडा, रबरी हातमोजे, चांगला मास्क
- रॉ अंबर, बर्न्ट अंबर (दोन्ही मातीचे तपकिरी रंग), पिवडी आणि गेरू यांच्या पुड्या, किंवा तेलात चालणारे स्टेनर
- तेलाधारित व्हार्निश, उन्हात टिकणारं. मऊ केसांचे दोन चांगले ब्रश
- त्याच लाकडाचे तुकडे, जितके मिळतील तितके
- वही, पेन्सिल, मोबाइल

कागदपत्रं म्हणाल तर होडीच्या खरेदीची चिठ्ठी, जुने फोटो, आणि काम सुरू करण्याआधी तुम्ही स्वतः काढलेले फोटो. प्रत्येक कडी, प्रत्येक पट्टी सोडवण्याआधी फोटो काढा. जुना कृष्णधवल फोटोही उपयोगी पडतो. रंग कळत नाही, पण कुठला भाग चकचकीत होता आणि कुठला नुसता तेल लावलेला, हे चमकेवरून कळतं.

१. कुठला मूळचा रंग, ते आधी ठरवा

हा प्रश्न मला पहिल्या वर्षी सुचलाच नाही. होडी तयार झाली त्या दिवशीचा रंग एक, आणि पुढे वर्षानुवर्षं ऊन खाऊन, व्हार्निश पिवळं पडून जो दिसतो तो दुसरा. आपण ज्याला "मूळचा" म्हणतो तो बहुतेक वेळा दुसराच असतो.

माझा हिशोब असा. जुना थर कुठेही शाबूत ठेवणार असाल, तर नवं काम त्या वयस्कर रंगाला जुळवा. सगळी होडी खरवडून कोरी करणार असाल, तर पहिल्या दिवसाचा रंग शोधा. वय आपोआप चढेल. अर्धं हे, अर्धं ते केलंत तर पाच वर्षांनी होडी दुरंगी दिसेल, कारण नवा भाग पुढे गडद होत जातो आणि जुना जागच्या जागी असतो.

२. पुरावा शोधा

मूळचा थर उघड्यावर सापडत नाही. जिथे ऊन, पाणी आणि नंतरच्या मालकांचे ब्रश पोचले नाहीत तिथे तो असतो. वल्ह्याच्या पितळी बसकेखाली. दोर बांधायच्या खुंटीखाली. बाकाच्या खालच्या अंगाला. वराम्याकडच्या, म्हणजे मागच्या कप्प्याच्या आतल्या बाजूला.

माझ्या होडीच्या मधल्या बाकाखाली बोटभर रुंदीचा पट्टा सापडला. मध आणि तांबूस चहा यांच्या मधला रंग, आणि त्याशेजारी बांधणाऱ्यानं पेन्सिलनं लिहिलेला फळीचा नंबर. पुढचं सगळं काम मी त्या पट्ट्याशी ताडून पाहिलं. असा पट्टा सापडला की त्यावर चिकटपट्टी लावून "हात लावू नये" असं लिहा, कारण मदतीला आलेला भाचा पॉलिश पेपर घेऊन आधी तिथेच पोचतो.

पितळी सामान काढताना स्क्रू हट्ट धरतात. जोर लावून डोकं मोडू नका. स्क्रूवर गरम सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवा, मग फिरवा. वाकलेल्या कड्या आणि फुटलेली बसकं जुन्या नाशकात तांबटांकडे दाखवा. तांब्या-पितळेचं काम या गावाच्या हातात आहे. माझी एक बसकी त्यांनी अशी जोडून दिली की सांधा शोधावा लागतो. फक्त "चकचकीत करू नका" हे आधी सांगा. नाहीतर होडी म्हातारी आणि कड्या नवरीच्या, असं होतं.

३. लाकूड ओळखा

जुन्या होड्यांत साग आणि महागनी ही दोन लाकडं जास्त भेटतात, आणि दोघांची तऱ्हा वेगळी. न दिसणाऱ्या जागी थोडं खरवडा. साग हाताला मेणचट लागतो, वास चामड्यासारखा येतो, वर्षांच्या रेषा ठळक दिसतात. महागनी लालसर, वास जवळजवळ नाहीच, आणि उजेडात तिरकं धरलं की पट्टे हलल्यासारखे दिसतात.

मग खरवडलेल्या जागेवर टर्पेंटाइनचं फडकं फिरवा. ओलं असताना जो रंग दिसतो तोच साधारण व्हार्निशखाली दिसणार. नव्या फळीवरही हेच करा. दोन्ही ओले तुकडे शेजारी ठेवलेत की फरक खरा किती आहे ते कळतं. बरेचदा वाटतो त्याच्या निम्माच असतो.

४. वरचा थर ओळखा, मग काढा

कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन न दिसणाऱ्या जागी अर्धा-एक मिनिट टेकवा. थर चिकट होऊन बोळ्याला आला, तर ती लाख, म्हणजे चपडा. स्पिरिटला दाद देत नाही पण एनसी थिनरनं विरघळतो, तर लॅकर. थिनरनं नुसत्या सुरकुत्या पडल्या, तर तेलाचं व्हार्निश. माझ्या होडीवर वरचे दोन थर कोणीतरी फर्निचरच्या पॉलिशचे दिले होते आणि खाली खरं व्हार्निश होतं. हे न कळता वरच्या थराचा रंग जुळवत बसलो असतो, तर दुसऱ्याच कोणाची तरी चूक जपून ठेवली असती.

काढायला हीट गन आणि स्क्रेपर ही जोडी सगळ्यात झटपट. गन एका जागी थांबवू नका, लाकूड करपतं आणि तो डाग जात नाही. गोल फिरणारं सँडिंग मशीन शेवटच्या हाताला अजिबात नको. त्याचे गोल गोल ओरखडे कोऱ्या लाकडात दिसत नाहीत, रंग लागला की शेकड्यानं वर येतात. १८० आणि २२० नंबर हातानंच, रेषेच्या दिशेनं.

इथे एक गंभीर गोष्ट. होडीच्या आत, तळाशी केशरी-लाल रंगाचा जुना थर दिसला तर थांबा. पूर्वी होड्यांच्या तळाला शेंदूर लावायचे, आणि हा शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. तो कोरडा घासायचा नाही, त्यावर हीट गन चालवायची नाही. पाणी मारून ओला ठेवून खरवडा, मास्क लावा, गाळ गोळा करून पिशवीत बांधा, आणि लहान मुलं त्या दिवशी मळ्यात नकोत. तो घट्ट बसलेला असेल तर काढूच नका, वरून रंग द्या.

५. काळे डाग

जिथे लोखंडी खिळा ठोकलाय तिथे सागाला काळा डाग पडतो. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांचा तो संसार आहे, घासून सुटत नाही. प्लॅस्टिकच्या भांड्यात लिटरभर गरम पाण्यात ९०-१०० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवा. डागापुरतं लावू नका, सबंध फळीला लावा, नाहीतर काळ्याच्या जागी पांढरा डाग मिळेल. वाळलं की भरपूर पाण्यानं धुवा, मग सोड्याचं पाणी, मग परत साधं पाणी. ॲसिड विषारी आहे, आणि धुण्याआधी वाळलेली पूड घासलीत तर ती नाकात जाते. म्हणून आधी धुणं, मग घासणं.

आणि स्टील वूल सागावर वापरू नका. त्याचे बारीक कण रेषांत अडकतात आणि पहिल्या दमट दिवशी सगळी फळी काळ्या ठिपक्यांनी भरते.

६. नवी फळी, बुचं आणि रेषा

नवं सागवान बाजारात मिळतं, पण जुन्याशी जुळायला जुनंच बरं. जुन्या नाशकात वाडे पडतात, पाडले जातात. त्यातल्या तुळया आणि चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात. आमच्या दोन्ही फळ्या अशाच एका तुळईतून कापल्या. कापण्याआधी तुळईत खिळे किती आहेत ते बघा. आरा मशीनवाला पहिल्या खिळ्यालाच तुम्हाला हाकलून देईल.

रंगाच्या नादात रेषा विसरू नका. जुन्या फळीत रेषा सरळ आणि बारीक असतील आणि नव्या तुकड्यात डोंगरासारख्या उठलेल्या, तर रंग शंभर टक्के जुळला तरी डोळा तिथेच अडतो. आमचे मिस्त्री, वय सत्तरीच्या पुढे, तुकडा उलटापालटा करून जुन्याशेजारी धरायचे आणि म्हणायचे, "भाऊ, याचं तोंड तिकडं आहे." सुरुवातीला मला ते गूढ वाटायचं. अर्थ साधा आहे: तोच तुकडा फिरवून उलट्या तोंडानं लावला तर उजेड वेगळा परततो आणि तो एक छटा गडद किंवा फिकट दिसतो. चिकटवण्याआधी दोन्ही बाजूंनी धरून, चार पावलं मागे जाऊन बघा.

स्क्रूवरची लाकडी बुचं त्याच लाकडाची काढा, रेषा फळीच्या रेषेला समांतर ठेवा, आणि एपॉक्सीऐवजी व्हार्निशमध्ये बुडवून बसवा. कधीतरी स्क्रू परत काढावा लागतोच. वर राहिलेलं डोकं पटाशीनं एका झटक्यात उडवू नका. आधी वरचा पातळ काप घ्या, रेषा कुठे उतरते ते बघा. खाली उतरत असेल तर दुसऱ्या बाजूनं तासा, नाहीतर बूच फळीच्या आत तुटतं.

ताज्या रंधलेल्या सागावर हिरवट, काळपट पट्टे दिसतात. घाबरून रंग चढवू नका. ते उजेडानं जातात. मी फळ्या बसवण्याआधी पंधरा दिवस उन्हात ठेवल्या, रोज पालटल्या. पंधराव्या दिवशी त्या सोनेरी तपकिरी झाल्या होत्या आणि अर्धं काम फुकटात झालं होतं.

७. नमुना पाट्या

रंग आधी उरलेल्या तुकड्यांवर करून बघायचा. मुख्य काम हेच, आणि सगळे टाळतात तेही हेच. मीही टाळलं. पहिल्या हिवाळ्यात एका पॉलिशवाल्याकडून नव्या फळ्यांना तयार रंग लावून घेतला. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली इतका जुळला की आम्ही पेढे खाल्ले. सकाळी होडी बाहेर काढली तर दोन फळ्या जांभळट लाल. चूक त्याची कमी, माझी जास्त: उजेड मी बघितला नव्हता. शिवाय तो रंग फर्निचरचा, स्पिरिटमध्ये विरघळणारा. तीन महिन्यांच्या उन्हात जांभळा गेला आणि राखाडी राहिला.

त्यामुळे आता क्रम असा ठेवा. फळीच्याच उरलेल्या लाकडाचे वीतभर तुकडे घ्या, आठ-दहा तरी. सगळ्यांना होडीसारखंच २२० पर्यंत घासा. जास्त गुळगुळीत घासलेला तुकडा रंग कमी पितो आणि तुम्हाला फसवतो. एक तुकडा कोरा ठेवून त्यावर फक्त व्हार्निशचे थर द्या. माझ्याकडे या कोऱ्या तुकड्यानंच निम्मी बाजी मारली. तेलाच्या व्हार्निशला स्वतःची पिवळसर छटा असते, ती थराथरानं वाढत जाते, आणि पाचव्या थराला ज्या रंगासाठी तुम्ही डबा शोधत होता तो न मागता समोर येतो. पाण्यावर चालणारं पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) घेतलंत तर ही छटा मिळत नाही, लाकूड काचेखाली ठेवल्यासारखं थंड दिसतं.

फरक उरलाच, तर रंग लाकडाला चोळण्याऐवजी पहिल्या दोन थरांच्या व्हार्निशमध्ये मिसळा. साग तेलकट, त्यावर स्टेन डागाडागानं बसतो. पिवडी मध आणते, बर्न्ट अंबर तपकिरी, गेरू लाली. या माती-खनिजांच्या रंगांना ऊन फारसं खात नाही. प्रमाण अगदी थोडं: वाटीभर व्हार्निशला चाकूच्या टोकावर राहील इतकं, आणि मिसळून फडक्यातून गाळलेलं. जास्त घातलं की रेषा झाकल्या जातात आणि होडी रंग दिलेल्या खुर्चीसारखी दिसते. महागनीची गोष्ट वेगळी. तिची भोकं उघडी असतात, तिथे रंगीत फिलर रेषेला आडवा चोळून भरतात, आणि रंगाचा मोठा वाटा त्या फिलरचाच असतो.

प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर लिहा: काय मिसळलं, किती, कितवा थर, तारीख. "लक्षात राहील" असं म्हणू नका. तिसऱ्या दिवशी चार तुकडे हातात घेऊन तुम्ही मूर्खासारखे उभे असाल. ताडताना तुकडा बाकाखालच्या पट्ट्याला टेकवा, सकाळी दहाच्या सुमारास, मोकळ्या सावलीत. मळ्यात शेडनेट असेल तर त्याखालचा उजेड पुरेसा चांगला, मात्र नेट पांढरं हवं. हिरव्याखाली सगळंच हिरवं. मग तोच तुकडा उन्हात आणि संध्याकाळी बघा. तिन्ही वेळा जुळला तर जुळला.

दोन छटांत अडलात तर फिकट घ्या. फिकटाचं गडद करता येतं, उलट करायला परत खरवडावं लागतं.

८. व्हार्निश, आणि नाशिकची हवा

पावसाळ्यात ब्रशला हात लावू नका. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या (तिच्यावरून आम्ही पूर मोजतो) गुडघ्याला पाणी लागलंय तोवर तर नाहीच. एप्रिल-मेमध्ये थर ब्रशखालीच सुकतो, बुडबुडे आत अडकतात. आपला काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पण थंडीत दव पडतं, निफाडच्या बाजूला तर कडाक्याचं. ओल्या व्हार्निशवर दव बसलं की सकाळी थर दुधट, मेलेला दिसतो. सकाळी होडीवरचा ओलावा वाळू द्या, दहानंतर सुरुवात करा, दुपारी दोनच्या पुढे नवा थर घेऊ नका.

आता मळेवाल्यांसाठी खास इशारा, कारण हे कुठल्याही मुंबईकर होडीवाल्याला माहीत नसतं. व्हार्निशचे महिने तेच द्राक्षांच्या फवारणीचे. माझा चौथा थर ओला असताना शेजारच्या बागेत ब्लोअर फिरला. तासाभरात सबंध डावी बाजू देवीचे व्रण असल्यासारखी खड्ड्याखड्ड्यांची. औषधात मिसळतात त्या स्प्रेडरमध्ये सिलिकॉन असू शकतं, आणि सिलिकॉनच्या कणाजवळून व्हार्निश पळतं. आख्खा थर काढावा लागला. आदल्या रात्री शेजाऱ्याला एक फोन करा. शेडला त्या बाजूनं ताडपत्री बांधा.

बाकी रीत नेहमीची. साग तेलकट म्हणून थर देण्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसा आणि लगेच सुरू करा. पहिला थर निम्मं टर्पेंटाइन घालून, दुसरा पाव, पुढचे जवळजवळ निखळ. डबा हलवू नका, हलक्या हातानं ढवळा. लागेल तितकं वाटीत मलमलीतून गाळून घ्या, वाटीतलं उरलेलं डब्यात परत ओतू नका. रोज एक थर, दोन थरांमध्ये ३२० नं हलका हात, मग धूळ पुसणं. सहा तरी थर हवेत, मी सात दिले. वरच्या थरांत रंग नको. पुढे ओरखडा पडला तर फक्त पारदर्शक भाग झिजावा.

जवसाचं तेल वापरत असाल तर त्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती सुकताना आपोआप तापतात आणि पेटतात. पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. शेडमध्ये सुकं गवत आणि खोकी असतात, एवढं सांगून पुरे.

९. पाण्यात उतरवण्याआधी

वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली होडी आकसलेली असते, फळ्यांमध्ये फटी दिसतात. त्या कडक पुटीनं भरू नका. पाण्यात फळ्या फुगल्या की पुटीला जागा उरत नाही आणि फळीच चिरते. धरणाच्या काठाशी सरळ ठेवून आत थोडं थोडं पाणी घाला, गोणपाट ओलं करून अंथरा, दोन-तीन दिवस थांबा. बऱ्याच फटी स्वतःच मिटतात. धरणाच्या पाण्यात होडी नेण्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी आधी विचारून घ्या. पाणी सरकारी आहे आणि चौकीवर "आमची घरचीच होडी आहे" हे चालत नाही. लाइफ जॅकेट माणशी एक.

पुढच्या दिवाळीआधी वरचा एक थर ३२० नं घासून नवा द्या. हे दरवर्षी केलंत तर परत खरवडायची वेळ येत नाही. शेवटच्या नमुना पाटीचे दोन तुकडे करून एक कपाटात ठेवा. आणि कृती होडीवरच लिहा: मी मधल्या बाकाखाली, त्या जुन्या नंबराच्या शेजारी, पेन्सिलनं लिहिली आहे. पिवडी किती, अंबर किती, थर सात, चौथा दोनदा.